इतर ४००

"समोरची काच केवढ्याला?" असं मी फोनवर विचारलं. तिकडून उत्तर आलं, "पाच हजार दोनशे." एवढंच आमचं बोलणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात पडलेलं बिल होतं १०,०६५ रुपयांचं. मधल्या ४,८६५ रुपयांची ही हकीकत. आणि थोडीशी माझी पण, कारण त्या दिवशी मी एका पोरावर उगाच ओरडलो, ते अजून मनातून जात नाहीये.

डिसेंबर २०२५. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, जालन्याला. मी पुण्याहून पंधरा दिवसांची रजा टाकून बुलढाण्याला आलो होतो. बाबांची गाडी म्हणजे २०१८ ची छोटी पेट्रोल गाडी, एमएच २८, फिरलेली जेमतेम. बाबा दर रविवारी ती पुसतात आणि दर सोमवारी पायी भाजी आणायला जातात. दिसायला कमी लागल्यापासून तर ती अंगणातच होती. मी आल्याबरोबर किल्ली घेतली आणि पहिल्याच दिवशी चिखलीहून परतताना गिट्टीच्या डंपरच्या मागे लागलो. ताडपत्री नावाला होती. "टक्" असा आवाज झाला. बस्, एवढाच. उतरून पाहिलं तर काचेवर रुपयाच्या नाण्याएवढा तारा.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? तर एवढासा टवका असताना त्यात रेझिन भरून घ्यावं. दगडाने फक्त वरचा थर दुखावलेला असतो. पुढची काच ही एक काच नसतेच मुळी, दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असं ते सँडविच असतं. म्हणून ती फुटली तरी अंगावर कोसळत नाही, जागच्या जागी जाळं होऊन राहते. बाजूच्या काचा वेगळ्या, त्या फुटल्या की साखरेसारख्या सांडतात. तर टवका लहान असला, कडेपासून लांब असला आणि चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसला, की भरून भागतं आणि नव्या काचेच्या मानाने पैसे किरकोळ लागतात. हे मला सगळं माहीत होतं. पण "बघू नंतर" हा आमच्या पिढीचा राष्ट्रीय आजार आहे. आठ दिवस गेले.

बुलढाणा घाटावर आहे. बाहेरच्यांना विदर्भ म्हटलं की नुसता उन्हाळा आठवतो, पण इथली डिसेंबरची पहाट वेगळीच. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडचे लोक स्वेटरशिवाय फिरत असतील तेव्हा आम्ही घाटावरचे कानाला मफलर गुंडाळून चहाची वाट पाहत असतो. सोमवारी सकाळी काचेवर दव साचून ती पांढरी झाली होती. मला घाई. आईने अंघोळीसाठी काढलेल्या बादलीतलं तांब्याभर पाणी मी काचेवर ओतलं. त्या ताऱ्यापासून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत, सावकाश, पार स्टिअरिंगपर्यंत चालत आली. गार काच, वरून ऊन पाणी. ओतलं तिथे काच एकदम फुगायला बघते, शेजारची फुगत नाही, आणि मधे आधीच जखम. दहावीच्या विज्ञानाला मला बरे मार्क होते, हे इथे नमूद करतो.

घरात जाऊन सांगितलं, "दगडाने तडा गेला होता ना, तो वाढला आज." खोटं नव्हतं. सगळं खरंही नव्हतं.

बुधवारी सकाळी नऊला जालन्याला पोचायचं होतं. म्हणजे हातात सोमवार आणि मंगळवार. चिखली रस्त्यावरच्या एका गॅरेजला फोन केला (नाव लिहीत नाही, गाव लहान आहे आणि त्यातून नातेवाईक वाचतात). मालक म्हणाले, काच बुलढाण्यात नाही, अकोल्याहून मागवतो, उद्या दुपारपर्यंत बसवून देतो. भाव पाच हजार दोनशे. मग म्हणाले, "आन् इन्शुरन्स हाये ना? मंग तुमाले काय करायचं साहेब, क्लेम टाकू. तुमच्या खिशातून फक्त हजार रुपये जाईन." हे ऐकून मी इतका खूश झालो की पुढे काहीच विचारलं नाही. हजार रुपयांत काच! उलट बाबांनाच फोडणी दिली, इतकी वर्षं हप्ते भरता, एकदा तरी वापरा की.

मंगळवारी दुपारी मी गॅरेजवर जाऊन बसलो. काच बदलणं बघण्यासारखं असतं हो. जुन्या ॲम्बेसेडर-फियाटच्या काळात पुढची काच रबराच्या चौकटीत बसवलेली असायची, रबर दोरीने ओढून घेतलं की झालं. आता काच गाडीच्या सांगाड्याला चिकटवलेली असते. एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा होता. त्याने वायपर उतरवले, वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली (चार क्लिपा तुटल्या, त्या तुटतातच), मग एक बारीक तार आतून बाहेर ओवली आणि एकाने आत, एकाने बाहेर धरून करवतीसारखी ओढत जुना चिकट थर कापत नेला. मग कडा साफ केली, काळं प्रायमर फिरवलं, आणि सिलंटची जाड, सलग, न तुटलेली वळी चारही बाजूंनी ओढली. ती वळी मध्येच थांबली तर पावसाळ्यात पाणी आत येणार, म्हणून तो श्वास रोखून ओढत होता. मग दोघांनी रबरी वाट्यांनी काच उचलून एकदाच ठेवली. दुसरा चान्स नसतो. शेवटी वर पांढऱ्या चिकटपट्ट्या.

"आज नेऊ नका भाऊ," तो म्हणाला. "रातभर सुकू द्या. आन् दार जोरात आपटू नका, एखादी काच बोटभर खाली ठेवा. नाईतर आतली हवा काचीले बाहेर ढकलते."

"उद्या सकाळी जालन्याला जायचंय मला."

"मंग सकायी या. पन खड्ड्यातून नका नेऊ."

चिखली ते देऊळगावराजा ते जालना, आणि खड्ड्यातून नका नेऊ! मी हसलो, पण आतून तडकलो होतो. तेवढ्यात मालकांनी बिल पुढे केलं.

काच ५,२००. बीडिंग ६५०. सिलंट व प्रायमर ९००. क्लिपा १८०. मजुरी १,२००. इतर ४००. एकूण ८,५३०. त्यावर केंद्राचा जीएसटी ९ टक्के ७६७.७०, राज्याचा ९ टक्के ७६७.७०. सगळं मिळून १०,०६५.४०.

पाच हजार दोनशेचे दहा हजार! मी म्हटलं हे काय आहे. मालक शांतपणे म्हणाले, "भाव काचीचा सांगतला व्हता साहेब, बसवाचा नाई." बाकीच्या ओळींवर मला काही सुचेना, कारण सिलंट लावताना मी स्वतः पाहिलं होतं. पण ती "इतर ४००" ही ओळ मात्र मला उघडी पडलेली चोरी वाटली. इतर म्हणजे काय? कशाचे इतर? पुण्यात राहून आलेल्या माणसाच्या अंगात जे एक ग्राहकहक्कांचं वारं येतं ते माझ्या अंगात आलं. मी आवाज चढवला. मालक फोनवर बोलायला बाहेर गेले, म्हणून मी समोर उभ्या त्या पोरावरच ओरडलो. "लुटायचे धंदे आहेत हे सगळे" हेही म्हणालो. टपरीवरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. पोरगा खाली मान घालून चिंध्यांना हात पुसत राहिला. मालक परत येऊन म्हणाले, "अहो क्लेममध्येच जाते ना सगळं. तुमी सही करा फक्त." मी सही न करता बिल खिशात घालून घरी आलो.

आता बाबांविषयी सांगायला पाहिजे. बाबांची नोकरी कोषागारात गेली. कोषागारात काय असतं तर बिलं येतात, आणि ती तपासून पास करायची किंवा आक्षेप लावून परत पाठवायची. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण आक्षेप अजून निवृत्त झालेले नाहीत. लग्नाच्या जेवणावळीत सुद्धा केटररचं बिल बाबांकडे येतं. डोळ्यांमुळे वाचता येत नव्हतं, तर म्हणाले, "वाच मोठ्याने. ओळ न् ओळ. आणि पॉलिसीपण आण."

मी वाचत गेलो. काचेवर आक्षेप नाही. क्लिपांवर नाही, "तुटल्या म्हणतोस ना तू." सिलंट-प्रायमर, मजुरी, ठीक. जीएसटी, ठीक. अठरा टक्केच आहे. "इतर"ला म्हणाले, "तपशील नाही. बाजूला ठेव." मग पॉलिसी.

इथे एक तासभर गेला आणि तो तास मला फार महागात, म्हणजे स्वस्तात पडला. पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरात कोणता भाग किती भरून मिळणार हे लिहिलेलं असतं. काचेला घसारा नाही, ती पूर्ण मिळते. रबर-प्लास्टिकला ५० टक्के घसारा, म्हणजे बीडिंगचे ६५० चे ३२५ आणि क्लिपांचे १८० चे ९०. मजुरी पूर्ण. सिलंट-प्रायमर या लागून संपणाऱ्या वस्तू, त्यांच्यासाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं, ते बाबांनी घेतलेलं नव्हतं, म्हणजे शून्य. "इतर"ला कोण विचारतो! बाबांनी तोंडी बेरीज केली. ५,२०० अधिक १,२०० अधिक ३२५ अधिक ९०. सहा हजार आठशे पंधरा. जीएसटी धरून आठ हजार बेचाळीसच्या आत-बाहेर. त्यातून पॉलिसीतले सक्तीचे हजार वजा. कंपनीकडून येणार सात हजार बेचाळीस. म्हणजे खिशातून हजार नाही, तीन हजारांच्या वर जाणार होते. "पहिला आक्षेप," बाबा म्हणाले. आवाजात जरा तरतरी आली होती.

"आता मला सांग, नो क्लेम बोनस किती आहे माझा?"

पन्नास टक्के. पाच वर्षं क्लेम न घेतल्यावर मिळतो तो वरचा टप्पा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ५,८०० होता, तो बोनसमुळे २,९०० पडत होता. काचेचा एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. मग परत पहिली पायरी: २०, २५, ३५, ४५, आणि पाचव्या वर्षी ५०. बाबांनी डोळे मिटले. (तसेही त्यांना उघडे ठेवून फार दिसत नव्हतं.) पहिल्या वर्षी पन्नास टक्क्यांचं नुकसान, दुसऱ्या वर्षी तीस, मग पंचवीस, पंधरा, पाच. एकूण सव्वाशे टक्के. ५,८०० चे सव्वापट, सात हजार दोनशे पन्नास. वर हप्त्यावरचा जीएसटी. हप्ता दरवर्षी थोडा उतरतो, तेवढं कमी धरा.

"सात हजार घ्यायला सात हजार द्यायचे," बाबा म्हणाले, "फक्त द्यायचे हळूहळू, म्हणून कळत नाहीत. फिट्टंफाट. आणि त्या पाच वर्षांत खरंच कुठे ठोकली तर?"

मी गप्प. म्हणजे बिलातली चारशेची ओळ पाहून मी रस्त्यावर तमाशा केला, आणि जिथे सात हजार दडलेले होते त्या कागदावर सही करायला निघालो होतो. तो कागद सात वर्षं आमच्याच कपाटात होता. बोनस वाचवणारं जोडकलमही मिळतं, थोडा हप्ता वाढवून. ज्यांच्याकडे ते असेल त्यांचं गणित वेगळं येईल. आमच्याकडे नव्हतं.

जरा विषयांतर करतो. माझा चुलतभाऊ अमेरिकेत फ्लोरिडात आहे. तिथे म्हणे विमा असला की पुढच्या काचेला पदरचे पैसे लागतच नाहीत, कायदाच तसा आहे. किती छान, असं मी त्याला एकदा म्हणालो होतो. तर तो म्हणाला, कसलं छान, पार्किंगमध्ये लोक गाठायचे, काच बदलून घ्या, वर आम्हीच तुम्हाला गिफ्ट कार्ड देतो. ग्राहकाची सही घेऊन क्लेमचा हक्क आपल्या नावावर करून घ्यायचे आणि मग विमा कंपन्यांवर खटले. शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून ती बक्षिसं आणि त्या सह्या दोन्ही बंद केल्या. तेव्हा मला ते लांबचं वाटलं होतं. "तुमी सही करा फक्त" हे चिखली रस्त्यावर ऐकल्यावर जरा जवळचं वाटलं. आणि पुण्यात माझ्या मित्राच्या नव्या गाडीत काचेच्या मागे कॅमेरा आहे, तो रस्त्यावरच्या रेघा बघतो. काच बदलली की त्या कॅमेऱ्याला परत सरळ बघायला शिकवावं लागतं, त्याचं वेगळं बिल. काच स्वस्त, शिकवणी महाग. असो.

बाबा उठले. "चल. बिल पैसे देऊन सोडवायचं. क्लेम नको. पण आधी गाडी बघू." अंधार पडायला आला होता. रिक्षाने गेलो. मालक होते, पोरगाही होता. बाबांनी नमस्कार-चमत्कार केले, मालकांच्या वडिलांची चौकशी केली (ओळख निघालीच, बुलढाण्यात ती निघते), आणि मग गाडीजवळ गेले. त्यांना दिसत काहीच नव्हतं. त्यांनी काचेच्या कडेने बोटं फिरवायला सुरुवात केली. डावीकडून वर, वरून उजवीकडे. उजव्या कोपऱ्यात थांबले.

"हे बीडिंग जुनं आहे."

मी टॉर्च मारली. खरंच. रबर कडक, कोपऱ्यात बारीक चीर. बाबा दर रविवारी सात वर्षं ती गाडी पुसत आलेत, ती चीर त्यांच्या बोटांच्या ओळखीची होती. आणि बिलात बीडिंग ६५०, नवं. मी तिथेच बसून सगळं बघितलं होतं, सिलंटच्या वळीचं कौतुक करत, आणि हे मला दिसलं नव्हतं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हात दाबला. "बीडिंग विसरलं वाटतं बसवायचं," एवढंच म्हणाले. मालक जरा गडबडले. काचेसोबत आलंच नाही, उद्या येणार आहे, बिल आधीच केलं, असं काहीबाही म्हणाले. असेलही. बाबा म्हणाले, पैसे कमी करू नका, बीडिंगच लावा. पावसाळा येतोच की.

मग "इतर".

"ते चारशे माझ्या जाण्या-येण्याचे हायेत काका," पोरगा पहिल्यांदा बोलला. माझ्याकडे न बघता, बाबांकडे बघून. मग एकेक कळत गेलं. तो पहाटेच्या एसटीने अकोल्याला गेला होता. काच आडवी ठेवली तर दचक्याने जाते, उभीच धरावी लागते. एसटीत घेतली नाही. अकोल्याहून खामगावपर्यंत एका टेम्पोत, तिथे तासभर थांबून दुसऱ्या टेम्पोत, बोथ्याच्या घाटातून वर. टेम्पोच्या मागे उकिडवा बसून, काच दोन गोणपाटांत गुंडाळलेली, खालची कड स्वतःच्या पायांवर टेकवलेली, म्हणजे दणका काचेला न बसता पायाला बसावा. हे सगळं मिळून चारशे. मालकांनी बिलात लिहिलं "इतर."

ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना मी आणखी काय सांगू. ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो तो. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ एवढी पायपीट करून तिथे येऊन राहिला होता, त्याचं कौतुक आम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं.

मी त्याला म्हणालो, "दुपारी तू सांगितलं का नाहीस?"

"तुमी इच्यारलं नाई भाऊ. तुमी बोलूनच रायले होते."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. "चुकलं माझं" एवढं म्हणालो, ते त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, कारण मालक मोठ्याने नवीन बिल फाडत होते. बाबांचा आग्रह होता की "इतर" खोडून तिथे "वाहतूक, अकोला ते बुलढाणा" असं लिहावं. मालक म्हणाले, काका रक्कम तर तीच राहते. बाबा म्हणाले, राहू द्या की. रीतसर बिल देणं हे दुकानदाराचं काम आहे, २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं ही अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलंच आहे. पण बिल दिलं आणि त्यात "इतर" लिहिलं तर काय करायचं, हे बहुतेक कायदा करणाऱ्यांनाही सुचलं नसावं. नवं बिल आलं. १०,०६५ रुपये ४० पैसे. एक पैसा कमी झाला नव्हता. मी पैसे दिले.

सकाळी गाडी नेली नाही. बाबाच म्हणाले, तो पोरगा म्हणतोय सुकू द्या तर सुकू दे. एसटीने गेलो जालन्याला. बाबांचं वय चौऱ्याहत्तर, त्यामुळे अर्धं तिकीट. "पुढच्या वर्षी पूर्ण फुकट," ते कंडक्टरला अभिमानाने सांगत होते, पंच्याहत्तरी गाठणं हे जणू त्या पाससाठीच आहे. ऑपरेशन छान झालं.

खर्च संपला असं मला वाटत होतं. नाही. जुन्या काचेवर फास्टॅग होता, तो काचेबरोबर गेला. पोराने काढायच्या आधी विचारलंही होतं, पण तो टॅग सोलून काढला की फाटतो आणि परत चालत नाही. नवा टॅग घ्या, त्याचे शंभर रुपये, वर बँकेला कागद दाखवा, जुना बंद करा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून चालू टॅग नसेल तर नाक्यावर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल लागत होता, म्हणजे टाळताही येत नव्हतं. आणि दुसरं, जे मला आधी आठवलंच नाही: वर्षभरापूर्वी बाबांनी रांग लावून नव्या नंबरप्लेट बसवून घेतल्या होत्या, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. त्यातलं तिसरं स्टिकर, होलोग्रामवालं, पेट्रोलच्या गाडीला निळसर असतं ते, आतून काचेलाच चिकटवलेलं होतं. तेही फुटक्या काचेबरोबर भंगारात. आता त्याची वेगळी मागणी, वेगळे पैसे, वेगळी तारीख. यातलं काहीच गॅरेजच्या बिलात येत नाही आणि कोणी लपवलेलंही नाही. फक्त काच काढायच्या आधी कोणी आठवण करून देत नाही, एवढंच. तुमची काच कधी फुटली तर आधी तिच्यावर काय काय चिकटवलंय ते बघून ठेवा.

गॅरेजवर मी परत गेलो, बीडिंग बसवायला. पोरगा नव्हता, अकोल्याला गेला होता. काच आणायला.

पुण्याला निघायच्या आदल्या रात्री बाबांनी हिशेबाची वही काढली. डाव्या डोळ्याने आता वाचता येत होतं, पण लिहायला मलाच सांगितलं. गाडीदुरुस्ती, रक्कम १०,०६५. "चाळीस पैसे," बाबा म्हणाले. मी लिहिले. फास्टॅग १००. मग तपशिलाच्या रकान्यात मी लिहिलं, "दगड लागून काच फुटली."

बाबांनी वही जवळ घेतली, वाचली. डोळा बरा झाल्याची खात्री करून घेत असावेत, असं मला वाटलं.

"आणि पाणी," ते म्हणाले. "मी ओट्यावरच बसलो होतो त्या दिवशी. दिसलं नाही, पण ऐकू आलं."

मी "दगड" नंतर "व पाणी" असं घुसवून लिहिलं. जागा थोडी कमी होती, म्हणून अक्षर बारीक आलं.